वरत म्हणजे कोणतीकडं?

३ नोव्हेंबर

— आणि तरी म्हणायचं, टीव्हीची छतरी मीच वाकडी लावली! तीन वर्षं उभी होती ना? वादळात हलली नाही, गारपिटीत हलली नाही. पाइप मी गाडला, सिमेंट मी कालवलं, अंगठ्याचं नख मी घालवलं. आता टीव्ही काळा पडला तर नाव कोणाचं? माझंच!

आणि बाबा हे मला सरळ सांगत नाहीत. मायला सांगतात, फोनमध्ये मला ऐकू येईल इतक्या जोरानं. "सांग त्याले, जसा पोट्टा तसी त्याची छतरी. एका जागी राहाचं म्हणून नाई."

धानाचा रोवणा अर्धा टाकून मी हैदराबादला टाइल्सच्या कामावर आलो, तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. फोन माय घेते. बाबा बाजूला बसून खोकतात. खोकला ऐकू आला की समजतं, घरी आहेत, तब्येत ठीक आहे.

मायला म्हटलं, टीव्हीवर सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात त्या बघ. एक भरलेली, एक रिकामी. म्हणजे वायर ठीक, डबा ठीक. छतरीचंच तोंड फिरलं. "कोणी हात लावला?" "कोणीच नाई बापा." इतक्या पटकन म्हणाली की मला संशय आला.

४ नोव्हेंबर

दिवसभर टाइल्स. गुडघे गेले. गजेंद्र म्हणतो चेन्नईला चल, रोजी जास्त आहे. हा परसवाड्याचा, माझ्याच खोलीत राहतो. माझे पाय तर नेहमीच तयार! बघू.

६ नोव्हेंबर

चोर सापडला — वानर!

मायनं छतरीच्या पाइपावर वालाचा वेल चढवला होता. त्या शेंगा खायला वानरं उतरली. एक गडी तर छतरीतच बसला म्हणे, पाटलासारखा. छतरीची मान खाली पडली. "मंग त्या दिवशी काहून नाई सांगितलं?" "तू वेल तोडाले लावला असता."

राजेगावचा दुकानवाला म्हणतो, नवीच घ्या. बाबा ऐकत नाहीत. पण मराठी बातम्यांशिवाय त्यांना करमतही नाही. धान कापून वावरात पडलंय, पावसाचा अंदाज पाहिजे, आणि तो हिंदीत ऐकला तर खोटा वाटतो म्हणतात! हसायचं काय म्हणा. आमचं गाव हद्दीपलीकडं, हिंदी राज्यात; माझी शाळा हिंदीतच, आठवीपर्यंत. तरी ही वही मराठीतच लिहितो.

मी मायला म्हटलं, नवी नको. फक्त मान उचलायची. बाबांना मागच्या खोलीच्या स्लॅबवर चढव, तिथून छतरीला हात पोचतो, आणि फोन त्यांच्या हातात दे.

शिडी कुरकुरली. मग — "हॅलो. शालिकराम बोलून राह्यलो."

जसा तहसील ऑफिसला फोन लावलाय!

मी पण घाबरून म्हटलं, "मी रजत."

"मालूम हाय. बोल, काय करू?"

"थोडी वरत करा."

खालून टीव्हीसमोरून मायचा आवाज — "काईच नाई जी!"

"आणखी वरत."

"नाई जी! होतं तेबी गेलं जी!"

"आणखी करा ना, बाबा!"

"अबे किती करू? आता मीच फिरून पडतो खाली!"

जमलं नाही. "तुले काई समजत नाई," आणि फोन बंद.

पण बोलले! शिवी तर शिवी. खोलीत आल्यावर गजेंद्र म्हणाला, काहून हसून राह्यला रे? काही नाही म्हटलं.

७ नोव्हेंबर

आज काम करता करता गजेंद्रला म्हटलं, टाइल थोडी वरत सरकव. त्यानं उचलून छातीशी धरली! "अबे वरत म्हणजे खिडकीकडं!" — हे माझ्या तोंडातून निघालं आणि मी तसाच थांबलो. खिडकी उत्तरेला. आमच्या गावात वरत म्हणजे उत्तरेला, बालाघाटकडं, खालत म्हणजे नदीकडं. लहानपणापासून तसंच. वरत गेलतो म्हटलं तर झाडावर चढला असं कोणी समजत नाही.

जेवणाच्या सुट्टीत लगेच फोन. बाबांनीच घेतला.

"बाबा, छतरीचं तोंड कोणतीकडं हाय?"

"बालाघाटकडं. तूच तं म्हणला, वरत, वरत, वरत!"

"मी आभाळाकडं म्हणलो!"

"मंग आभाळाकडं म्हणाव ना! आभाळाले काय वरत म्हणते कोणी?"

आणि मग तिकडून आवाज आला. मला वाटलं खोकला. खोकला नव्हता, हसत होते.

बाबा फोन घेऊन स्लॅबवर चढले, मग मी आमच्याच भाषेत सांगितलं. तोंड शेवंताबाईच्या चिंचेकडं करा. आता समजा, चिंचेच्या पार वर घार फिरून राह्यली. छतरी तिले पाहून राह्यली.

"घार बसली हाय का फिरून राह्यली?"

"फिरून राह्यली. उंच."

"हं."

थोडी हलवली असेल. खालून माय किंचाळली — "आलं जी! आलं! हलवू नका जी! श्वासबी घेऊ नका!"

झालं! नट घट्ट कसा म्हटलं, कसला. आता फोन ठेवतील वाटलं. ठेवला नाही. वारा ऐकू येत होता. मग म्हणाले, "तिथं जेवाले काय भेटते?"

भात, म्हटलं. आंबट वरणासोबत.

"भात कसाय?"

"आपल्यासारखा नाई."

"नसनच," म्हणाले. खूश होते.

९ नोव्हेंबर

पुन्हा गेलं! बाबांनीच फोन केला. वारा सुटलता म्हणे. चिंच, घार, पाच मिनिटांत आलं. धान घरात आलं. गाय आज-उद्यात विणार. मी नुसता ऐकत होतो.

११ नोव्हेंबर

परत तेच. संध्याकाळी, चहाच्या वेळी. "नट ढिला राह्यला का बाबा?" "पान्यानं कसला. दम लावून." मग हलते कशी? वानर आलं का? "आलं असन एखांदं." पण वेल तर मायनं परवाच उतरवला!

गाईला कालवड झाली. कपाळावर पांढरा ठिपका. नाव काय ठेवावं, हे मला विचारत होते. मला!

१४ नोव्हेंबर

आज जरा चिडलो. हात सिमेंटमध्ये आणि फोन वाजतोय. म्हटलं, दुकानवाल्याला सांगून नवीच लावून घ्या, मी पैसे पाठवतो. बाबा म्हणे, "नवी कायले? हेच ठीक हाय." "ठीक हाय तं रोज काहून बिघडते?" त्यावर नुसते खोकले.

मग सांगून टाकलं, गजेंद्रसोबत चेन्नईला जाईन म्हणतो. ओरडतील वाटलं, एका जागी राहत नाही म्हणून. पण स्लॅबवरच उभे राहून हळूच विचारलं, "तिथं फोन लागते ना?"

लागते, म्हटलं.

"मंग जाय."

खालून माय — "आलं जी! आता उतरा, चहा निवला!" तरी उतरले नाहीत.

१५ नोव्हेंबर

ठरवलं. पगार झाला की नवी छतरी, नवा पाइप, सगळं. दोन हजार जातील तर जाऊ दे. बाबांनी आता शिडी चढायची नाही.

१७ नोव्हेंबर

दुपारी मायचा फोन. हळू आवाजात. बाबा वावरात गेले होते.

"नवी छतरी नको घेऊ बेटा. हे चांगली हाय. तुहा बाप चहा ठेवला की स्लॅबवर चढते, आपल्याच हातानं तिचं तोंड बालाघाटकडं फिरवते, अन् मंग मले आवाज देते — गेलं वं, लाव पोट्ट्याले फोन! मीबी खालून बोंबलतो, आलं जी, गेलं जी. टीव्ही तं कधीकधी बंदच राह्यते! तू त्याले सांगू नको, हौ? अन् एक — माह्या फोनचं रिचार्ज उद्या संपते."

हौ, म्हटलं.

संध्याकाळी फोन येईलच. थोडी वरत करा, असंच म्हणणार आहे मी. लागू दे वेळ.

नवी छतरी रद्द. मायला पाठवतो — दोनशे नव्याण्णव.