हळदीकुंकवाची यादी

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार
दामिनी कोसळली आज! माझ्या शेजारच्याच टेबलावर, पॅकिंग करता करता. सकाळपासून पाणी प्यायली नव्हती. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि स्कॅनर सहा मिनिटं गप्प राहिला की तेवढा वेळ 'रिकामा' लागतो. असे तीन लागले की घरी! जगभर सामान पोचवणारी कंपनी, आणि लातूरच्या गोदामात बायकांना सहा मिनिटं पुरवता येत नाहीत.

पलीकडच्या टेबलावरच्या केवळाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. म्हणाल्या, "आता अर्ज द्यायचा. समद्यांच्या सह्या घेऊन." 

१९ जानेवारी, रविवार
बैठक माझ्याच घरी झाली. कुणाला संशय नको म्हणून संक्रांतीचं हळदीकुंकू आहे असं सांगितलं. तिळगूळ केला, वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या. अकरा जणी आल्या. केवळाबाई मुद्दाम मुरुडहून बसनं आल्या, आणि दाराजवळच बसल्या. नवरा गेल्यापासूनची सवय. बोलल्या मात्र त्याच. "धा-अकरा जणींला एकदम काढतेत व्हय? भिऊ नगा." सगळ्यांनी सह्या केल्या. अर्ज केवळाबाईंकडंच आहे.

मी सगळ्यांना कुंकू लावलं. केवळाबाईंपाशी आले, बोट बुडवलं आणि थांबले. त्याच हसल्या, "ऱ्हाऊ दे गं." भित्री मी, भित्री!

२० जानेवारी
आमचे सुपरवायझर मृत्युंजय सर दोनदा माझ्या मागून गेले.  ओरडले असते तर परवडलं असतं.

२१ जानेवारी, मंगळवार
काय केलं मी हे!

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. अगदी गोड. "रविवारी तुमच्याकडं लई चपला होत्या म्हणे?"
"हळदीकुंकू होतं सर."
"हाव का? कोण कोण आलतं?"

खरं वाटावं म्हणून मी घडाघडा नावं सांगितली. दामिनी, ज्योत्स्ना, सिद्धम्मा, केवळाबाई — जीभ थांबलीच नाही. सर एकदम हसले.

"केवळाबाई? माझी आई विधवा हाय. पंधरा वर्षांत तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं न्हाई."

मी म्हटलं, आम्ही तसलं मानत नाही सर. "चांगलंय," म्हणाले. "जावा कामाला." टेबलाशी आले आणि एकाच खोक्याला दोनदा टेप लावली.

२२ जानेवारी
केवळाबाईंना सांगायला हवं होतं. जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसले, त्यांनी माझ्या डब्यात शेंगाची चटणी वाढली. नाही सांगितलं. उद्या सांगेन.

२३ जानेवारी, गुरुवार
केवळाबाईंच्या कार्डानं गेट उघडलं नाही. तीनदा लावलं. वॉचमन म्हणाला, "मावशी, तुमची आयडी बंद हाय." अर्ज त्यांच्या पिशवीतच राहिला. बाकी कुणालाच काढलं नाही.

दामिनी दिवसभर एकच म्हणत होती, "कुणीतरी आतलंच फुटलंय."

२५ जानेवारी, शनिवार
नोटीस बोर्डावर माझं नाव! सोमवारपासून मी लाइनची लीड. मला विचारलंसुद्धा नाही. दामिनी नोटीस वाचून आली, आपला डबा उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन उभी राहिली.