गव्हाची दारू, सुलभाची नाचणी

शनि., १ मार्च
सुलभाच्या कुरडयांच्या पातेल्यात गहू भिजत घातले. पातेलं खाली काढताना सवयीने मागे वळून बघितलं. ओरडायला कोणी नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात या पातेल्याला हात लावायची मला परवानगी नव्हती.

कशासाठी, तर व्होडका. घरी, गव्हापासून, आयुष्यात पहिल्यांदा. जन्मभर जहाजावर समुद्राचं पाणी उकळून गोडं पाणी काढलं, तेव्हा गव्हातून दारू काढायला काय जातंय! उगाच नाही चीफ इंजिनिअर म्हणून मिरवलो.

लेकीला सांगितलेलं नाही. मधुरा म्हणजे हॉस्पिटलात नोकरी, त्यात नवी आई. लेक्चर देईल.

रवि., २ मार्च
व्होडकाच का, हे लिहून ठेवतो. नंतर माझं मलाच वाटेल म्हातारा चळला.

लग्नानंतर सु. पहिल्यांदा माझ्याबरोबर जहाजावर आली ती ट्रिप. काळ्या समुद्रावरचं बंदर, डेकवर बर्फ. तिथला एक फिटर घरची व्होडका घेऊन आला, लोणच्याच्या बरणीतून. सु.ने बरणी नाकाला लावली. "अय्या, हा तर कुरडयांच्या चिकाचा वास!" एक घोट घेतला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी, आणि मग जे हसत सुटली ते थांबेचना. फिटरला वाटलं वहिनींना चढली. नंतर केबिनमध्ये म्हणाली, "रिटायर झालात की घरी करा हो अशी. पण माझ्या भांड्यांना हात लावायचा नाही."

रिटायर झालो. ती गेली.

नोव्हेनाच्या हॉस्पिटलात अ‍ॅडमिट होती तेव्हा शेवटी शेवटी एकदा विचारलं, चिकाचा वास आठवतो का गं? मान हलवली. हो म्हणाली की नाही, कळलं नाही.

वर्षश्राद्धाच्या आत एक बाटली काढायची. फोटोपुढे छोटा ग्लास. बास, एवढंच.

मंगळ., ४ मार्च
मोठा कुकर, तांब्याची नळी, थंड पाण्याची बादली. ब्लॉकखालच्या हार्डवेअरवाल्याने नळी मोजताना विचारलं, "अंकल, एअरकॉन आह?" म्हटलं, हो, एसीसाठीच.

आधी नुसतं पाणी उकळून बघितलं, गळती कुठे आहे का ते. नाही. नळीच्या टोकाला थेंब लोंबला, पडला. पाण्याचाच थेंब. तरी तोंडातून गेलं, "सु., बघ."

मग चहा केला. दोन कप. दुसरा ओतून दिला.

शुक्र., ७ मार्च
फजिती. गहू भरडले, शिजवले, कोमट झाल्यावर यीस्ट घातलं. बुडबुडा म्हणून नाही. पातेल्यात घट्ट खळ, तीही आंबूस. चमचा उभा राहतो. पतंग चिकटवायला बरी. सगळं कचऱ्यात. पातेलं घासताना दंड भरून आले.

शनि., ८ मार्च
वाचलं. यीस्ट पीठ खात नाही, साखर खातं. पिठाची साखर करायची तर त्यात मोड आलेलं धान्य घालावं लागतं. मोड येताना धान्य आपलं आपणच पीठ मोडून साखर करायला लागतं म्हणे.

वाचून कपाळावर हात मारला. घरात आयुष्यभर मटकीला मोड, मुगाला मोड, मधुरा तान्ही होती तेव्हा नाचणीला मोड. सु.ला विचारलं असतं तर भाजी चिरता चिरता एका वाक्यात सांगितलं असतं. वर म्हणाली असती, "चीफसाहेब, गव्हाला भूक लागल्याशिवाय तो उठेल का?" असलं काहीतरी. ती असं बोलायची.

मोडाचे जव तुआसच्या एका गोदामात मिळतात. सोमवारी उघडणार.

आज पुन्हा नवे गहू भरडून शिजवले. आणि फ्रीझरमध्ये मटार शोधताना तो डबा हाताला लागला. वर तिच्या अक्षरात, "नाचणी, मोडाची. भाजलेली नाही."

डबा परत आत ठेवला. बाहेर काढला. परत ठेवला.

रवि., ९ मार्च
घातली.

सकाळभर विचार केला. तिच्या हातचं घरात आता काय उरलंय? लोणचं संपलं. मेतकूट संपलं. हा एवढा डबा. ठेवून ठेवून काय करणार, पूजा? त्यापेक्षा जे दोघांनी मिळून करायचं ठरलं होतं त्यात तिचा हात लागू दे. असं म्हटलं आणि डबा उपडा केला. खळ कोमटच ठेवली होती, पुस्तकात सांगितलं तशी.

ढवळत बसलो. आधी काही नाही. मग चमचा हलका लागायला लागला. मग सैल. जेवणाच्या वेळेपर्यंत त्या खळीचं पाणी झालं होतं. पळीभर घेऊन चाखलं तर गोड! साखरेचा कण न घालता गोड.

ओट्याला धरून उभा राहिलो आणि ढसाढसा रडलो. ती गेली तेव्हा माणसं होती, फोन होते, कागद होते. तेव्हा नाही आलं एवढं रडू. मेलेल्या माणसाचा हात असा चालतो हे कोणी सांगितलं नव्हतं.

निवल्यावर यीस्ट घातलं. झाकण, फडकं.

बुध., १२ मार्च
मधल्या खोलीत पातेलं बुडबुडतंय. दार उघडं ठेवून इकडे पेपर वाचतो. घरात कोणीतरी आहे असं वाटतं. वास थेट चिकाचा.

डबा धुतलेला नाही. तसाच ओट्यावर.

शनि., १५ मार्च
पाटणकर उबीन बेटावर घेऊन गेला, सायकली चालवायला. माझा जुना शिपमेट, इथेच चोआ चू कांगला, आमच्या पलीकडच्या ब्लॉकमध्ये राहतो. बंबोटीत, तिकडे नेणाऱ्या छोट्या बोटीत, बसल्या बसल्या त्याला सगळं सांगून टाकलं. वाटलं, खूश होईल.

"तुला अक्कल आहे का रे?" भर बोटीत. "बियर, वाइन घरी करतोस, स्वतःपुरती, चालते. पण भट्टी लावलीस की गुन्हा! या देशाचा पीआर आहेस ना, नागरिकही नाहीस! या वयात कोर्टात उभा राहणार?"

म्हटलं, एक बाटली रे. फोटोपुढे.

तो मग म्हणाला, "वहिनी काय म्हणाल्या असत्या?"

हे बरं नाही केलंन्. सु. साधी लाल सिग्नलला रस्ता ओलांडू द्यायची नाही, रस्त्यावर कुत्रंही नसलं तरी.

बेटावर नारळपाणी प्यायलो. सायकल चालवायचा उत्साह राहिला नव्हता. नळी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली. पातेल्याचं काय ते बघू.

रवि., १६ मार्च
आजचा दिवस आला नसता तर बरं झालं असतं.

मधुरा नातीला, ताराला घेऊन आली. तारा आता पालथी पडते, माझा चष्मा ओढते. मधुरा हसत होती, किती दिवसांनी. म्हणाली, "बाबा, तिचं उष्टावण ठरवलंय, महिन्याच्या शेवटच्या रविवारी. घरीच, आपण तिघं-चौघं. आईची नाचणी दे ना. माझ्या फ्रीझरमध्ये सगळ्या ताराच्या दुधाच्या पिशव्या, जागाच नव्हती, म्हणून आईने इथे ठेवलेली. फर्स्ट घास आजीच्या हातचा. आय प्रॉमिस्ड हर."

मी ओट्याकडे बघितलं.

तिने ओट्यावरचा रिकामा डबा बघितला. मग मधल्या खोलीतून वास आला असावा. गेली, फडकं उचललं.

"हे काय आहे?"

सांगितलं. काय सांगितलं, कसं सांगितलं, आठवत नाही.

"तू दारूत घातलंस? बाबा, तिला उभं राहता येत नव्हतं. स्टूलवर बसून केलं तिने ते. बाळासाठी. यू नेव्हर इव्हन आस्क्ड मी!"

मला माहीत नव्हतं गं. हे म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. पण खरं असून त्याचा काय उपयोग?

ती ओरडली असती तर बरं. ताराला कडेवर घेतलं, चपला घातल्या. लिफ्टपाशी गेलो तर म्हणाली, "नॉट नाऊ, बाबा. प्लीज लाह." दार बंद झालं. तारा माझ्याकडे बघून हसत होती.

मंगळ., १८ मार्च
दोन फोन केले. उचलले नाहीत. मेसेजला उत्तर आलं, "ओके."

लिटल इंडियातून नाचणी आणली. दुकानदार म्हणाला, आटा चाहिए? म्हटलं, नाही, आख्खी. भिजत घातली. मीच करीन. चिमूटभर दाणे ते, त्यात काय अवघड!

शुक्र., २१ मार्च
अवघड.

मोड नाही. बुळबुळीत झाली, वास मारायला लागली. पाण्यात जास्त ठेवली की कमी? पाणी बदलायचं? बांधायची कशात? या हवेत बांधून कुठे ठेवायची?

जहाजाचं इंजिन उघडून परत जोडीन मी. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच घरात, ती हे वर्षानुवर्षं करत होती. मी खुर्चीत बसून चहा मागत होतो. एकदाही विचारलं नाही, हे कसं करतेस गं? तिनेही सांगितलं नाही. कोण सांगतं न विचारता? आता विचारावं म्हटलं तर ती फोटोत.

पातेल्यातली बुडबुड थांबली. वर पिवळसर पाणी, खाली गाळ. म्हणजे झालं. पुढे काय करायचं ते करायची सोय नाही, आणि ओतून द्यायला हात होत नाही. तिची नाचणी आहे त्यात.

रवि., २३ मार्च
मधुरा आली. न कळवता. एकटीच, तारा जावयाकडे.

कचऱ्यातली माझी सडकी नाचणी बघितली. "हे काय?"

"मोड काढत होतो."

"तू?"

खुर्ची ओढून बसली. नळाकडे बघत होती. मग म्हणाली, "टपटप आवाज यायचा."

"कसला?"

"मी लहान होते तेव्हा. बाथरूममध्ये. आई पंचा बांधून ठेवायची नळाला, पुरचुंडी. पाणी टपटप पडायचं. मी घाबरायचे, घोस्ट आहे म्हणून. यू डोन्ट रिमेंबर?"

नाही आठवत. मी त्या वर्षी कुठल्या समुद्रावर होतो कोण जाणे. पण मला दुसरं आठवलं, सुट्टीवर आलो की सकाळी अंघोळीआधी ती ओरडायची, "अहो, पंचा ओला करा जाता जाता!" मी तांब्याभर पाणी ओतायचो त्या गाठोड्यावर. कशाचं गाठोडं, कधी विचारलं नाही.

म्हणजे पाणी निथळू द्यायचं. आणि सकाळी ओलं करायचं. दोघांचं मिळून एवढं जमलं.

तिने डबा उचलला. "धुतला नाहीस?"

"नाही धुववला."

डबा उजेडात धरला. झाकणाच्या आट्यांत, तळाच्या कडेला पीठ चिकटलेलं होतं. तिने मोजायच्या चमच्याच्या टोकाने हळूहळू खरवडलं. बशीत निघालं ते चिमूटभर. घास होणार नाही त्याचा.

मी म्हटलं, "विरजण लागतं तेवढं आहे."

असंच म्हटलं, तोंडातून गेलं. तिने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे नव्या पिठात मिक्स करायचं?"

"चालेल का?"

ती रडायला लागली. मीही. जेवायच्या टेबलाशी दोघं बसून, मध्ये ती बशी. "आय ॲम स्टिल अँग्री, बाबा," म्हणाली. म्हटलं, राहा. तुझा हक्क आहे.

जाताना मधल्या खोलीत गेली. पातेल्यावरचं फडकं उचलून वाकली. अंगावर पाजते, प्यायचा प्रश्नच नाही, नुसता वास घेतला. डोळे मिटून बराच वेळ तशीच.

"मे महिना," म्हणाली. "आजोळची गच्ची. कुरडया."

"फेकू का?"

"नको. नॉट येट."

सोम., २४ मार्च
नाचणी काल ती असतानाच भिजवली. आज उपसून पंच्यात बांधली. पंचा सु.चा, कपाटातून काढला. गाठ तीनदा सुटली. बाथरूमच्या नळाला टांगली. टपटप सुरू झालं.

चिमूट बशीतून छोट्या डबीत, डबी फ्रीझरमध्ये. झाकणावर मी काही लिहिलं नाही. जुन्या डब्यावरचं सु.चं अक्षर कापून चिकटवलं.

मंगळ., २५ मार्च
अंघोळीआधी पंचा ओला केला. बाहेरून चाचपला. गरम लागतो आतून. हे चांगलं की वाईट, कोणाला विचारू?

आज मोड आले तर वाळवून, दळून रविवारपर्यंत होतं. नाही आले तर वेळ नाही, ताराच्या तोंडात बाजारचं पीठ जाणार. आणि डबीतली चिमूट तशीच राहणार.

मधुराचा फोन, "उघडलंस?" म्हटलं, नाही. "का?" म्हटलं, तू ये.

"ड्युटी संपली की येते. बाबा, उघडू नको हां, मी येईपर्यंत."

नाही उघडत. बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसलोय. निथळायचं थांबलं होतं, म्हणून तांब्याने आणखी थोडं पाणी घातलं.