नागपूर ते नौपाडा, सरळ रेषेत

४ जानेवारी १८८८
गोदा पहिल्या बाळंतपणाला नागपूरला माहेरी जाणार. शेजारचा विश्राम मेलच्या टपालडब्यात कारकून, नागपूरच्या फेऱ्या करतो. म्हणाला, त्र्यंबकराव, बातमी मीच आणणार, आमच्या मेलच्या आधी काय येतंय? काय ही मिजास! याच्या तोंडून माझ्या मुलाची बातमी मी ऐकणार नाही. त्रिवार नाही.

५ जानेवारी, रात्री
मॅपवर दोरा ताणला. रेल्वेने पाचशे मैल, सरळ रेषेत सव्वाचारशे. मेलला एक रात्र, एक दिवस. कबूतर उजाडता सोडलं तर दिवेलागणीला ठाण्याला, आपल्या नौपाड्यात! कल्याणला जाऊन कबूतरं पाळणाऱ्या रघुकडून थोराड, पक्कं कबूतर आणलं. रघु काहीतरी सांगत होता. ऐकायला वेळ नव्हता.

६ जानेवारी
गोदा गेली. बरोबर तिचा भाऊ आनंद आणि पिंजरा. आनंदला शपथ घातली: पत्र नाही, तार नाही, फक्त कबूतर. बारशाचं नावही मी त्याच कबुतराच्या पायात बांधून परत पाठवणार. नाव ठरलंय: विक्रमादित्य. गोदा निघताना रडली. प्रवासाची दगदग असावी.

२ मार्च
संध्याकाळी विश्राम अंगणात येऊन ओरडू लागला. कानांत बोटं घातली. मग दार लावलं. हलकट माणूस. खिडकीशी आला.

५ मार्च
कचेरीत सगळे पेढे मागतात. मला अधिकृत काहीच कळलेलं नाही, असं सांगितलं. कबूतर वाटेत विश्रांती घेत असेल.

१० मार्च
कल्याणला गेलो, रघुला फैलावर घ्यायला. कबूतर त्याच्याच खुराड्यात! म्हणे, साहेब, जिथं जन्मलं तिथंच येणार, तेच तर सांगत होतो. एक तारखेलाच संध्याकाळी आलं. म्हणजे मेलला हरवलंच की! फक्त गाव चुकलं. पायात चिठ्ठी: मुलगा. सुखरूप. बारसं बारा तारखेला, नाव लगेच कळवा.
मुलगा! माझा! कबूतर घेऊन परतताना स्टेशनात उभ्या उभ्या रडलो. धूर फार होता.

११ मार्च, पहाटे
नाव बांधून कबूतर सोडलं. तोंड नीट नागपूरकडे केलं होतं. ते कल्याणकडे वळलं. वारा असेल.

११ मार्च, दुपारी
विश्राम पुन्हा आला. आजच्या मेलने जातोय, बारशाच्या वेळेला पोचेन, नाव सांगा, हात जोडतो म्हणाला. मी म्हटलं, नाव निघालंय. चालता हो.

१३ मार्च
नाव वेळेत पोचलं असणारच. विक्रमादित्य. शोभतं.

१५ मार्च
विश्राम परतला. रस्त्यात तोंड चुकवून गेला. हरल्याची लाज!

२ मे
गोदा बाळाला घेऊन आली. माझ्याकडे बघेना. म्हणाली, पाळणा सजलेला, बायका जमलेल्या आणि बापाचा निरोप नाही. शेवटी बाबा चिडले. तुमच्यासाठी हा परका माणूस खेटे घालतो, बोलणी खातो, तेव्हा याचंच नाव ठेवा म्हणाले. ठेवलं. आता बदलायचं नाही.
मी आकांडतांडव केलं. बाळ दचकून रडायला लागलं. गोदाने ते माझ्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात गेली. नावाने हाक मारल्याशिवाय गप्प होत नाही म्हणे.
अर्धा तास दम धरला. मग दारं-खिडक्या लावून, अगदी हळू म्हटलं: विश्रामा, माझ्या राजा, माझं चुकलं रे.