अर्धा सोडलेला अध्याय

नाशिक
११ नोव्हेंबर २०२४

ती. सुमनआत्यास मृणालचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं अर्धंही ऐकू येत नाही आणि तू आपली हो हो म्हणत राहतेस, म्हणून हे पत्र. कानाचं यंत्र पेटीतच ठेवायचं असेल तर पोस्टमनला तरी काम मिळू दे.

तर ऐक. कादंबरीकार कडूंची जन्मशताब्दी जानेवारीत आहे. आपल्या बुधवाऱ्यात ते दोन वर्षं मास्तर होते आणि मैनेची कादंबरी त्यांनी तिथंच लिहिली, हे तुला मी काय सांगणार! आमचं वाचक मंडळ १९ जानेवारीला बुऱ्हाणपुरात येऊन त्यांच्या पावलांवरून फेरी काढणार आहे. चाळीस जण. कडूंची खोली, जलेबीचं दुकान, घाटाच्या पायऱ्या आणि मुख्य म्हणजे मैना जिच्यात उभी राहायची ती खिडकी, एवढं मला शोधून दे. बाबांना विचारलं, तर म्हणाले की तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, ताईला विचार.

सोळाव्या वर्षी ती कादंबरी वाचून मी दोन दिवस रडले होते. मराठी शिकवायला लागले ती त्या मैनेपायी. एवढं कर गं माझ्यासाठी.

घरी सगळे मजेत. तुझा राग आणि लोभ, दोन्ही असेच चालू राहोत.

तुझी
मृणाल

बुधवारा, बुऱ्हाणपूर
२१ नोव्हेंबर २०२४

चि. मृणाल हिस सुमनआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. यंत्र कानात घातलं की सगळ्या मोहल्ल्याचे पावरलूम डोक्यात शिरतात, म्हणून काढून ठेवते. मोठी आली मला शिकवणारी!

तुझ्यापायी गुडघे धरून फिरले. कडूमास्तरांची खोली भिकन टेलरच्या दुकानावर होती. जिना तोच आहे, वर आता साड्यांचं गोदाम. जलेबीचं दुकान हलवायाच्या नातवानं चकाचक केलंय, पण जलेबीतला मावा पहिल्यासारखा नाही, हे लिहून घे. घाटाच्या सतरा पायऱ्या पुस्तकात आहेत, मी बावीस मोजल्या. लेखकाला मोजता येत नव्हतं म्हण.

मैनेचं घर मात्र राहिलेलं नाही. पडलं ते केव्हाच. खामखा शोधत बसू नको, आणि चेतन नावाचा तुझा तो मंडळाचा माणूस इथं चौकशा करतोय, त्यालाही थांबव. झाकली मूठ सव्वा लाखाची असते बाई.

तुझ्या बापाला, श्रीकांतला, गोड कमी खायला सांग. आठवण ठेवतेस, तशीच ठेव.

तुझी
सुमनआत्या

नाशिक
५ डिसेंबर २०२४

ती. सुमनआत्यास शि. सा. न. वि. वि.

अगं लबाडे! चेतनला एक जुना फोटो मिळाला. कडू एका ओट्यावर बसलेत आणि मागं चौकटीवर कमळ कोरलेली खिडकी, अगदी पुस्तकातल्यासारखी. मी ओरडलेच! दर उन्हाळ्यात जिच्यातून पाय बाहेर सोडून मी कैऱ्या खाल्ल्या, तीच ती. कडूंनी पुस्तकात दाराची दिशा तेवढी बदललीय. मैनेचं घर म्हणजे आपलं घर, आणि तू मला ते पडलं म्हणून सांगतेस? गर्दीला भ्यालीस ना?

बाबा खूश आहेत, त्यांनी मंडळाला होकारही देऊन टाकला. पाटीसुद्धा तयार झाली, ‘मैनेची खिडकी’ म्हणून. चेतन चांगला आहे गं, रविवारच्या पुरवणीत लिहितो. माझी एकच विनंती. पूर्वी आपल्या ओट्यावर बायका जमून पोथी वाचायच्या म्हणे. तशी तू बसायचंस आणि खिडकीचं ते प्रकरण वाचायचंस. तुझ्याइतका हक्क कुणाचा आहे?

नाही म्हणू नकोस. लोभाची वाटेकरीण,

मृणाल

बुधवारा, बुऱ्हाणपूर
१४ डिसेंबर २०२४

चि. मृणाल, अनेक आशीर्वाद.

तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसते आणि उठते. आज लिहितेच.

तुला आणखी एक आत्या होती. वैजयंती. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तुझ्या बापालाही तिचं नाव धड माहीत नाही, कारण ते या घरात घ्यायचं नाही असं आमच्या बाबांनी ठरवलं होतं.

चातुर्मासात दुपारी आमच्या ओट्यावर पोथी असायची. वाचायची वैजूताई. काय गळा होता! पोथी झाली की मासिकात क्रमशः येणारी कडूमास्तरांची गोष्ट वाचायची. आपल्या मोहल्ल्याचा मास्तर लिहितो म्हणून बायका भाजी निवडायची सोडून यायच्या. अशाच एका दुपारी नवा अंक मीच ताईच्या हातात दिला. वाचता वाचता आलं की गिरणीचा भोंगा झाला की मैना खिडकीत येते आणि रस्त्यानं जाणाऱ्या कारकुनाच्या पुढ्यात तुळशीची मंजिरी टाकते. ताईचा आवाज थांबला. बायकांनी एकदम मान वळवून खिडकीकडं पाहिलं. खाली मंजिऱ्या पडलेल्या सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिल्या होत्या.

ताईनं अंक मिटायला घेतला. तेव्हा शेजारच्या आशाबाई म्हणाल्या की पोरी, अध्याय अर्धा सोडू नये, पाप लागतं. पोथीचा नियम. आणि ताईनं तो वाचला गं. शेवटच्या ओळीपर्यंत, स्वतःच्या तोंडानं, आईच्या समोर. ती एक मंजिरी टाकायची, बस्स. त्या माणसाशी कधी बोललीसुद्धा नव्हती. बाकीचं सगळं मास्तरांनी रचलेलं.

पंधरा दिवसांत तिला खकनारकडच्या एका बिजवराला देऊन टाकली. पुस्तकातली मैना हसत रेल्वेत बसते. आमची ताई बैलगाडीतून गेली, मागं न बघता. तिची चार पत्रं आली. चारही पत्रांत एकच, मला माहेराला न्या. उत्तरं बाबा सांगायचे आणि मी लिहायची, सवड नाही म्हणून. शेवटी ‘लोभ असावा’ लिहायला गेले तर त्यांनी ते खोडायला लावलं. दुसऱ्या वर्षी ती तापानं गेली. आम्हांला कळलं दहाव्याच्या दिवशी.

आता खरं ऐक. मंजिरीचं मास्तरांना कुणी सांगितलं? मी. तेरा वर्षांची होते. ते विचारायचे, लक्ष देऊन ऐकायचे, मला केवढं मोठं वाटायचं. लेखक माणूस, कुणाला सांगेल असं मनातसुद्धा आलं नाही. मी लग्न केलं नाही ते का, असं तू विचारायचीस ना? माहेर सोडून जायचा मला हक्कच वाटला नाही.

पाया पडते पोरी, ती पाटी लावू नको. तिला परत तिथं उभी करू नको. हे पत्र वाचून फाडून टाक.

सुमनआत्या

नाशिक
६ जानेवारी २०२५

ती. सुमनआत्यास,

नमस्कार लिहायलाही हात धजत नाही.

तुझं पत्र वाचलं आणि फेरीतून आपलं घर काढा म्हणून मंडळाशी भांडले. कुणी ऐकेना. शेवटी चेतनला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. शपथ घातली. तो डोळ्यांत पाणी आणून ऐकत होता. त्याला समजलं असं वाटलं मला.

काल पुरवणीत अख्खं पान आलंय. वैजयंतीआत्याच्या नावानिशी, मंजिरीसकट. फेरीला आता सव्वाशे जण येणार आहेत आणि पाटीही बदलली, तिच्यावर तिचं नाव आहे. मी मंडळ सोडलं, पण त्यानं काय होतंय?

आत्या, तू तेरा वर्षांची होतीस. मी चाळीस वर्षांची आहे, तुझं सगळं वाचून बसले होते, आणि तरी तेच केलं. मला माफी नको. त्या दिवशी येणार नाही. पण नंतर कधी येऊ का?

मृणाल

बुधवारा, बुऱ्हाणपूर
२० जानेवारी २०२५

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

काल झालं सगळं. तुझं पत्र आलं तेव्हा तुझ्यावर रागावले होते. दोन दिवस जेवले नाही. मग राग ओसरला आणि आता नुसतं रितं रितं वाटतंय.

गल्ली माणसांनी भरली होती. पाटी लावली. चेतन पाया पडला, तेव्हा पाय मागं घेतला मी. एका बाईनं खिडकीत उभं राहायला सांगितलं, फोटोसाठी. कुणीतरी तुळशीच्या मंजिऱ्या वाटत होतं, लोकांनी त्या खाली टाकल्या आणि त्यांच्यावरूनच चालत गेले. मग ओट्यावर बसवून पुस्तक हातात दिलं. मी वाचलं, भोंग्यापर्यंत. मंजिरीच्या ओळीशी पुस्तक मिटलं. लोक म्हणाले, वाचा ना पुढं. मी नाही वाचलं. अध्याय अर्धा सोडला. कुणाला काय पाप लागायचंय ते मला लागू दे. ताई वाचत होती तेव्हा आमच्यातल्या एका बाईनं जरी म्हटलं असतं की पोरी, राहू दे, मिट ते, तरी खूप होतं. आई तर शेजारीच बसली होती.

तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, वाचायची तऱ्हाच तशी असेल.

संध्याकाळी ओटा मी झाडला. पाटी उंच आहे, हात पुरत नाही. आता ती माझ्यामागंही राहील.

येऊ का म्हणून विचारलंस. या घराला असं पाचव्यांदा कुणी विचारतंय. चार वेळा उत्तर मी लिहिलं होतं. तू ये. पुढच्या गाडीनंच ये.

लोभ आहे. हे आता खोडायला कुणी नाही.

तुझी
सुमनआत्या