रिकामं ताट

१४ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. इथे सगळं ठीक. माझी केमो चालू आहे, शिवणयंत्र बंद आहे आणि तुझे भावोजी चक्क स्वयंपाक करतात! पहिल्याच दिवशी सूप करपवलं. सूपही करपतं, हे मला या वयात कळलं.

दवाखान्यातल्या आहारवाल्या मुलीने आम्हाला छोटा वजनकाटा दिलाय. वाढलेलं ताट तोलायचं, जेवल्यावर उरलेलं तोलायचं आणि आकडे तिला कळवायचे. मी तिचा सल्ला किती पाळते ते त्यावरून तिला समजतं. तोलायचं काम भावोजींकडे. मला दर आठवड्याला पैकीच्या पैकी. शाळेत कधी मिळाले नव्हते!

वजन मात्र उतरतच होतं. परवा डॉक्टर म्हणाले, एवढं खाऊन अंगी लागत नाही, म्हणजे पुढचा डोस थांबवून तपासण्या कराव्या लागतील. भावोजी पांढरेफटक पडले.

"तिच्या अंगी कुठून लागणार? उरलेलं मी खातो," ते म्हणाले. "कमी जेवते असं कळलं तर डोस थांबवाल, म्हणून..."

डॉक्टरांशेजारी बसलेल्या आहारवालीने त्यांच्या पोटाकडे पाहिलं. शर्टाचं बटण जीव मुठीत धरून होतं. हसू दाबत ती म्हणाली, "अहो काका, आकडे रागवायला नाही मागत मी. काकूंना काय जात नाही ते मला कळायला नको का?"

मला ठाऊक होतं गं. त्यांच्या पँटची कंबर मीच हातशिलाईने सैल करून दिली आणि माझे कपडे आत घेतले. ते स्वयंपाकघरात उभ्याने माझं उष्टं गिळायचे आणि मी इकडे डोळे मिटून पडायचे. प्रत्येक घासाला लोखंडाची चव येते, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? इतक्या हौसेने करतात.

परवा तिथेच एकदाचं सांगून टाकलं, म्हणून आता चमचा लाकडी आलाय. गरम आणि वासाचं बंद, थंड थोडं थोडं घ्यायचं. काल अर्धी वाटी दही गेलं. उरलेल्या अर्ध्या वाटीसमोर ते हात मागे बांधून उभे राहिले आणि खरा आकडा कळवला. सोमवारी वजन करून डोसचं ठरेल. मला भीती वाटते.

तू दर पत्रात विचारतेस, येऊ का? मी लिहिते, कशाला, मी ठणठणीत आहे. तेही भावोजींनी पुसून ठेवलेल्या ताटासारखंच होतं. धाकटे, ये. माझ्यासमोर बसून जेव. लहानपणी तुझ्या ताटातलं पळवून खायची माझी खोड अजून गेली नसेल.

तुझ्या ताटाची वाट पाहणारी,
तुझी ताई