आडपट्टी केसभर तिरकी

४ मार्च

टोकं तासायचा पाट परत आला. सुतारकाम शिकवणाऱ्या शाळेचे मास्तर स्वतः घेऊन आले. चिडलेले नव्हते, उलट ओशाळलेले. "दिसायला देखणा आहे हो. पण यावर तासलेलं टोक काटकोनात येत नाही."

मग तो पाट कसला! अक्रोडाची गडद फळी, वर मेपलची फिकट आडपट्टी. लाकूड त्या पट्टीला टेकवायचं, रंधा कुशीवर पाडून कडेनं सरकवायचा, की टोक सरळ. एवढं एकच काम त्याचं. आडपट्टी केसभर तिरकी, तर सगळंच तिरकं.

ती दादानं बसवली होती. मी काटकोन मापायचा गुण्या लावून दाखवला. म्हणाला, "गुण्याच बिघडला असेल."

६ मार्च

शाळेसाठीचे बाकीचे पाट तपासले. दादाच्या हातचे सगळे वाकडे. खोला, तासा, पुन्हा बसवा — मान अवघडून गेली. दादा शेजारी एका पाटाला तेल लावत होता. कोपरा कोरडाच राहिला.

"तो कोपरा राहिला," म्हटलं.

"कुठला?"

मी बोट ठेवलं. तरी त्याचं फडकं इकडे तिकडे शोधत राहिलं. दिवसभर साठवलेला राग कुठे ठेवू ते कळेना.

७ मार्च

वहिनीला फोन केला. म्हणाली, "चहा कपाबाहेर ओततात. मला वाटलं, वयानं धांदरट झालेत."

११ मार्च

दादाला काचबिंदू. एक डोळा गेल्यातच जमा, दुसऱ्यात मधोमध थोडं उरलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलं ते येणार नाही. उरलेलं थेंबांनी टिकवू." दादानं एकच विचारलं, "रंधा धरता येईल का?" त्यांना रंधा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मीच सांगितलं. त्यांनी थेंबांची चिठ्ठी लिहायला घेतली.

१५ मार्च

दादा घरीच. दोघांचं काम एकटीनं. जेवतानाही मनगट दुखतं.

१९ मार्च

वहिनी कारखान्यात येऊन गेली. "भिंतीकडे तोंड करून बसतात नुसते. इकडे आणून सोडू का? नाहीतर मीच अंथरूण धरीन." हो म्हटलं. पण आणून काम काय देऊ त्याला? ज्यानं मला रंध्याला धार लावायला शिकवली, त्याच्या हातात झाडू देऊ?

२२ मार्च

दादा आला. स्टुलावर बसला.

मी पाट तपासत होते. दोन तुकडे त्याच पाटावर तासायचे, एक उलटा करून टोकाला टोक भिडवायचं आणि उजेडात धरायचं. पाट चुकला असेल तर मध्ये पाचरीसारखी फट दिसते. मला काही दिसली नाही.

"आण इकडे," दादा म्हणाला. सांध्यावरून नख फिरवलं. "वरच्या अंगाला उघडं आहे."

"नाही रे दादा."

"छोटे, नख अडतंय माझं."

खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिलं. होती! कागद शिरणार नाही एवढी, पण होती.

२६ मार्च

दादा आता डोळे मिटूनच काम करतो. अर्धवट दिसतं त्यानंच घोळ होतो म्हणतो. रंधा पाटाच्या कडेनं धावतो, त्याला वाट दाखवावी लागत नाही. आज बोट कापलं. मग चिडून एक चांगली आडपट्टी भिंतीवर भिरकावली. मी उचलून पुन्हा त्याच्या समोर ठेवली.

२९ मार्च

दमले. झोपते.

१ एप्रिल

शाळेत पाट पोचवले. मास्तरांनी प्रत्येकावर लाकूड तासून पाहिलं, सगळी टोकं काटकोनात. शेवटी म्हणाले, "आडपट्ट्या कुणी बसवल्या?" मी दादाकडे बोट दाखवलं. तो दुसरीकडेच बघत उभा.

येताना दादा म्हणाला, "लाकूड निवडणं आता तुझ्याकडे. रेषा सुंदर हव्यात, आपला पाट देखणाच हवा. बाकीचं मी बघतो."

'बघतो' म्हणाला आणि स्वतःच थांबला. मग दोघंही हसत सुटलो. रस्त्यातली माणसं वळून बघायला लागली. कितीतरी दिवसांनी हसले.

९ एप्रिल

दादाला तपासणीला नेलं होतं. काचबिंदू सख्ख्या भावंडांत असू शकतो, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मलाही खुर्चीत बसवलं. माझीही सुरुवात आहे. लवकर कळलं, बरं झालं, म्हणाल्या.

बाहेर बाकावर दादाला सांगितलं. त्यानं चाचपडत माझा हात धरला. "थेंब चुकवू नकोस," म्हणाला. "आणि चुकवलेस, तर डोळे मिटून काम शिकवायला मी आहेच."