बोंगाचं दावं

पारेपारे बंदर,
३ जून १९८३

ती. दामारिसताईस,
साम्पेचा दुरूनच नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र कधीचं येऊन पडलंय. उत्तर लिहायचं मी टाळत होतो, हे कबूल करतो. आधी पेन नव्हतं. मग पेन मिळालं तर बसायला जागा नव्हती. जागा मिळाली तेव्हा शेजारी गलबतावरचा आचारी त्याच्या पोपटाला शिव्या शिकवत होता, ते सोडून कोण लिहील? पोपट हुशार आहे, आचाऱ्याला मात्र अजून दोन शिव्या नीट येत नाहीत. ते असो.

खरं सांगायचं तर तुझ्याशी बोलूच नये असं वाटत होतं. आजीच्या उत्तरक्रियेला पहिला रेडा म्हणून आपला लाखमोलाचा ठिपकेदार बोंगाच कापायचा असं सेसाकाकानं ठरवलं, आणि तू मान डोलावलीस! अगं, आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला नातवाच्या नावानं हाक मारतात. आजोबांच्या या बहिणीला ना लेक ना नातू, म्हणून गाव चेष्टेनं तिला बोंगाची आजी म्हणायचं, आणि ही ऐटीत ओ द्यायची. तिच्या नातवालाच कापणार तुम्ही?

बाजारातला तो दलाल आठवतो का? बोंगाचे दात बघायला आला होता. आजीनं आधी त्यालाच आ करायला लावला, दोन दाढा किडलेल्या निघाल्या, तेव्हा असला माल आमच्या दारात नको म्हणून त्याला हाकलून दिला. चर्चमध्ये लुंगीच्या ओच्यात डुकराचं पिल्लू घेऊन बसायची आणि ते ओरडलं की शेजारणीकडे रागानं बघायची. बोंगा बहिरा आहे, त्याला कशाला गोष्टी सांगतेस असं कुणी म्हटलं, तर विचारायची की तुम्हाला कान आहेत, तुम्ही तरी कधी ऐकलंत?

काकाचा राग कुठला आहे ते मला ठाऊक आहे. त्याचा झुंजीचा कोंबडा तिनं भर झुंजीतून उचलून पळवला आणि जन्मभर अंगणात नुसता आरवायला ठेवला. कोंबड्याचा सूड तो रेड्यावर काढतोय, आणि तू त्याची सुरी धुऊन देणार.

बोंगाला हात लावलात तर मी तुझा भाऊ नाही. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नये.

साम्पे


बुंतू तांगा,
१४ जून

चि. साम्पे यास,
मोठी आहे म्हणून आशीर्वाद, वि. वि.

पोपटाची हकिकत वाचून आम्ही धन्य झालो. तुझं पत्र आजीलाही वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. आजारी माणूस किती बोलणार!

आपल्या रीतीनं उत्तरक्रियेचा पहिला रेडा पडेपर्यंत मेलेली आजी आजारीच, नाही का? तिचा श्वास थांबून दुसरं वर्ष सरत आलं. मी रोज सकाळी तिच्या उशाशी कॉफी ठेवते. कुणी आलं की अमका आलाय म्हणून सांगते. रात्री तिच्याच भिंतीला पाठ लावून झोपते. या घरात आजारी माणसासमोर रडायचं नाही, म्हणून मी अजून रडलेले नाही. तू तिकडे बोटीच्या टोकाला बसून सावकाश रडून घेतलं असशील.

सुरीचं म्हणतोस, तर ऐक. बोंगाला सोडा, माझा काळा रेडा घ्या, असं मी काकाला कधीच सांगून बसलेय. तो म्हणाला की एवढ्या मोठ्या घरातली म्हातारी साध्या काळ्या रेड्यावर बसून पुयाला, मेलेल्यांच्या गावाला पोचली तर तिथले मेलेलेसुद्धा हसतील. वर विचारलं की बोंगाला उद्यापासून सांभाळणार कोण? आजीनं लाडावून ठेवलंय, हातानं अंडं भरवल्याशिवाय गवताला तोंड लावत नाही. त्याची वेसण धरणारा घरात कोण आहे? तेव्हा मी गप्प बसले. त्यालाच तू मान डोलावणं म्हणतोस.

आजीनं त्याचं दावं तुझ्या हातात दिलं होतं. ते खुंटीला टांगून तू गेलास. तुला आजीही मरायला नको आणि रेडाही, फक्त त्यांच्याजवळ राहायला मात्र दुसरं कुणीतरी हवं. पत्रातून रेडा पाळता येत नाही, बाबा. ये आणि दावं धर, नाहीतर ज्ञान पाजळू नकोस. मला तिला एकदा मरू द्यायचंय.

लोभाचं तुझं तू बघ.

दामारिस


पारेपारे,
२९ जून

ती. ताईस,
नमस्कार, वि. वि.

उद्या पहाटे मी तेर्नातेच्या गलबतावर चढतोय. माल चढला, मीच तेवढा राहिलोय. तेव्हा ओरडून झालं असेल तर आता लिहू नकोस, पत्र पोचायचं नाही.

ये आणि दावं धर म्हणे! जसं काही मी भाताच्या बांधावर बसून रेड्याची पाठ चोळत म्हातारा होणार आहे. आजीलासुद्धा कळत होतं, या पोराच्या नाकाला वेसणीपुरतं भोकच नाही असं म्हणायची. तरी दावं माझ्याच हातात का दिलं, हे तिला विचारायचं राहून गेलं. तू रडली नाहीस, हा काय माझा गुन्हा? काकाला घाबरलीस आणि खापर माझ्यावर फोडलंस. कापा बोंगाला. त्याचं शिंग घराच्या खांबाला लावाल, तेव्हा रोज सकाळी त्याच्याकडे बघ म्हणजे झालं. टेकड्यांवरून येणारी कॉफीची पोती इथे उतरतात ना, त्यांचा वाससुद्धा आता मला

थांब. खाली गल्लीत कसला गोंधळ चाललाय.

आचारी धापा टाकत वर आला. म्हणाला की डोंगरातली एक बाई ट्रकमधून आलीय, अंगावर सुतकाचे काळे कपडे आहेत, आणि साम्पे नावाचा नालायक इथेच राहतो का म्हणून साऱ्या गल्लीला विचारतेय. निरोप एवढाच, की आजी रविवारी वारली. काळ्या रेड्यावर बसून गेली.

मी खिडकीत आलोय. कॉफीच्या पोत्यांना टेकून बोंगा उभा आहे, नाक वर करून समुद्र हुंगतोय. पोपट त्याला येतील तेवढ्या शिव्या देतोय, त्याला पत्ता नाही. त्याच्या मानेशी तू आहेस. डोळे रडून सुजलेत, तोंड भांडायला आल्यासारखं, आणि दाव्याचं मोकळं टोक तू वर, माझ्याकडे धरलंयस.